ट्रॅक्टरला साजेशी ट्रॉली कशी निवडावी?

मराठवाड्याच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत ट्रॅक्टरइतकेच महत्त्व त्याच्यामागे जोडल्या जाणाऱ्या ट्रॉलीला आहे. ट्रॅक्टर नांगरट आणि पेरणीपुरता शेतात असतो; उरलेल्या काळात तो मुख्यतः वाहतुकीचे साधन म्हणून वापरला जातो. परभणी जिल्ह्यात मानवत आणि सेलूच्या बाजारपेठेत येणारा कापूस, पाथरी आणि गंगाखेड भागातील ऊस, पूर्णा आणि पालम भागातील सोयाबीन व हळद, घरबांधणीची वाळू, रस्त्याचा मुरूम, शेणखत आणि बी-बियाणे या सर्वांची ने-आण ट्रॉलीतूनच होते. असे असूनही ट्रॅक्टर घेताना शेतकरी जितकी चौकशी करतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही ट्रॉली घेताना करीत नाही, असे दिसून येते. ट्रॉली बहुधा जवळच्या कारागिराकडून, शेजाऱ्याच्या ट्रॉलीचे माप सांगून, करवून घेतली जाते.

या व्यवहारात एकच प्रश्न विचारला जातो : "आपला ट्रॅक्टर किती माल ओढील?" वस्तुतः प्रश्न वेगळा असावयास हवा. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टर ओढू शकतो की नाही, हे शेतातून निघतानाच कळते. ती तो थांबवू शकतो की नाही, हे मात्र उतारावरच कळते. आणि त्या वेळी निर्णय बदलण्यास सवड उरलेली नसते. ट्रॉलीची निवड ओढण्याच्या नव्हे, तर थांबवण्याच्या ताकदीवरून करावी, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य आशय आहे.

जिल्ह्याची भूमी आणि वाटा

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील हा जिल्हा काळ्या कसदार जमिनीचा आहे. ही जमीन पाणी प्याली की फुगते, मऊ आणि निसरडी होते. उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. डांबरी रस्ता सोडून पाणंदीला लागताच वाहनाची परिस्थिती पालटते. उत्तरेस जिंतूर तालुक्यात डोंगराळ चढउतार आहेत, दक्षिणेस गंगाखेड आणि पालमच्या बाजूस बालाघाटच्या रांगा येतात, आणि मधल्या सपाट प्रदेशातही जागोजागी ओढे आडवे जातात. ओढ्यात उतरणारी आणि पलीकडे चढणारी अशी छोटी पण तीव्र उताराची वाट जवळपास प्रत्येक शिवारात असते. शेतरस्त्यांची ही अडचण ध्यानात घेऊन राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना हाती घेतली. रस्ता सुधारला तरी त्यावरून जाणारे वाहन त्या वाटेस योग्य असणे तितकेच आवश्यक आहे.

ध्यानात ठेवावयाची चार वजने

निवडीपूर्वी चार वजने माहीत असली पाहिजेत. पहिले, ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन. पस्तीस ते पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सर्वसाधारणपणे दोन टनांच्या आसपास भरतो. दुसरे, त्यापैकी मागच्या चाकांवर येणारे वजन. तिसरे, रिकाम्या ट्रॉलीचे वजन. चौथे, मालासह ट्रॉलीचे वजन. ही चारही वजने कापसाच्या जिनिंगवरील अथवा साखर कारखान्यावरील वजनकाट्यावर सहज काढता येतात. मागच्या चाकांवरील भार पाहण्यासाठी केवळ मागची चाके काट्यावर घ्यावीत.

मालाच्या बाबतीत आकारमानावर विसंबणे धोक्याचे ठरते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तेवढ्या हौद्यात सुटा कापूस भरला तर तो काही क्विंटलच भरेल. वाळू भरली तर तिचे वजन सुमारे साडेचार टन होईल. फाळके दोन्ही वेळी सारखेच भरलेले दिसतात. पण ट्रॅक्टरवरील जबाबदारी दसपटीहून अधिक बदललेली असते. म्हणून ट्रॉलीचे माप ब्रासमध्ये नव्हे, तर किलोग्रॅममध्ये सांगण्याची सवय लागली पाहिजे.

ओढण्याचा हिशेब

ट्रॅक्टरची ओढ त्याच्या अश्वशक्तीवर अवलंबून असते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. चाळीस अश्वशक्तीपैकी तीस चाकांपर्यंत पोहोचली, तर ताशी पाच किलोमीटर वेगात सोळाशे किलोहून अधिक ओढ निर्माण होऊ शकते. प्रत्यक्षात एवढी ओढ मिळत नाही. कारण त्यापूर्वीच चाके जागच्या जागी फिरू लागतात. अश्वशक्ती वेग ठरवते. ओढ ठरवते ती मागच्या चाकांची जमिनीवरील पकड.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर २,००० किलोचा असून त्यापैकी १,२५० किलो मागच्या चाकांवर आहे. ट्रॉली चार चाकी, रिकामी १,२०० किलो, आणि माल २,८०० किलो. म्हणजे भरलेली ट्रॉली ४,००० किलोची. कोरड्या, टणक वाटेवर पकड चाकांवरील भाराच्या सुमारे सहा दशांश धरता येते, म्हणजे ७५० किलो. ओल्या काळ्या मातीत ती तीन दशांशांपर्यंत उतरते, म्हणजे ३७५ किलो.

आता ट्रॉलीचा विरोध पाहू. टणक मुरमाच्या वाटेवर तो भरलेल्या वजनाच्या शेकडा चार धरला, तर १६० किलो होतो. ट्रॅक्टर ते काम लीलया करतो. पाऊस पडून वाट मऊ झाली की हाच विरोध शेकडा पंधरापर्यंत जातो, म्हणजे ६०० किलो. मिळणारी पकड ३७५ किलोची. ट्रॅक्टर रुतणार हे उघड आहे, आणि अधिक अश्वशक्तीचे इंजिन असले तरी त्याच वजनाच्या ट्रॅक्टरला त्यात फरक करता येणार नाही. उतार दहास एक असेल तर कोरड्या वाटेवरही चढताना ट्रॉलीचे ४०० आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे २०० किलो अधिक सोसावे लागतात. १६० मिळवता बेरीज ७६० होते, म्हणजे ट्रॅक्टर आपल्या शक्तीच्या अगदी टोकावर पोहोचतो.

थांबवण्याचा हिशेब

आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः मागच्या दोन चाकांनाच असतात. म्हणजे वरील उदाहरणात सहा टनांचा एकूण भार थांबवण्याचे काम १,२५० किलो वजन पेलणाऱ्या दोन चाकांवर येऊन पडते.

सपाट कोरड्या रस्त्यावर ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणारा एकटा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यापासून सुमारे चार मीटरमध्ये थांबतो. ही ट्रॉली जोडली की तेच अंतर सुमारे अकरा मीटर होते. वेग तीस किलोमीटर असल्यास ते चोवीस मीटरवर जाते. दहास एक उतारावर, ताशी वीस किलोमीटर वेगातही, बत्तीस मीटर लागतात. चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत आणखी पाच-सहा मीटर जातात, ते वेगळेच.

याच उतारावर शेतातून आलेल्या चाकांचा चिखल पसरला असेल तर काय होईल? सहा टनांचा भार उतारामुळे ६०० किलो इतक्या जोराने खाली खेचला जातो. मागच्या चाकांची पकड ३७५ किलो, आणि इतर चाकांचा स्वाभाविक विरोध सुमारे १४० किलो. बेरीज ५१५ किलो. म्हणजे चाके पूर्ण आवळली तरी ट्रॅक्टर थांबणार नाही. तो घसरत जाईल, ट्रॉली मागून त्याला ढकलील, आणि दांडी किंचित तिरपी असेल तर ट्रॅक्टर आडवा फिरेल. चालकाची चूक म्हणून नोंदले जाणारे कित्येक अपघात वास्तविक ट्रॉली भरतानाच निश्चित झालेले असतात.

हाच हिशेब उलट मांडला तर एक उपयुक्त नियम हाती येतो. भरलेल्या ट्रॉलीचे वजन ट्रॅक्टरच्या वजनाइतके, म्हणजे २,००० किलो ठेवले, तर त्याच चिखलाच्या उतारावर खाली खेचणारा जोर ४०० किलो आणि रोखणारा जोर सुमारे ४५५ किलो होतो. वाहन थांबते. म्हणून चढउताराच्या आणि कच्च्या वाटेवर, ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचे भरलेले वजन ट्रॅक्टरच्या वजनाहून अधिक असू नये. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असल्यास तीच पाळावी. अधिक माल नेणे अपरिहार्य असेल तर ट्रॉलीला ब्रेक बसवून घेणे हाच मार्ग आहे. उतारावर ट्रॉली पुढे रेटली गेली की दांडीच्या दाबानेच तिचे ब्रेक लागावेत, अशी साधी यांत्रिक योजनाही करता येते.

परदेशांत सहलीसाठी मोटारीमागे जोडावयाची फिरती घरे, म्हणजे कॅराव्हान, निवडताना हेच तत्त्व पाळले जाते. युरोपात ७५० किलोहून अधिक वजनाच्या जोडवाहनास स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये नवख्या चालकाने कॅराव्हानचे भरलेले वजन मोटारीच्या वजनाच्या शेकडा ८५ च्या आत ठेवावे, असा सल्ला दिला जातो. ऑस्ट्रेलियातील आडवाटांवर जाणारे प्रवासी तर मुद्दाम हलक्या बांधणीचे वाहन निवडतात. तेथील वाहन सुखासाठी असते, आपले उपजीविकेसाठी. परंतु उतारास हा भेद ठाऊक नसतो.

हलकी ट्रॉली लाभाची

जाड पत्रा आणि मोठे लोखंड म्हणजे मजबुती, अशी समजूत असल्याने ट्रॉल्या अकारण जड होतात. रिकाम्या ट्रॉलीचे प्रत्येक किलो वजन मालाच्या एका किलोची जागा घेते आणि परतीच्या रिकाम्या फेरीतही डिझेल जाळते. वरील उदाहरणातील ट्रॅक्टर ओल्या मातीतून फार तर २,५०० किलोची ट्रॉली ओढू शकेल. ट्रॉली १,२०० किलोची असल्यास माल १,३०० किलो जाईल. ८०० किलोची असल्यास १,७०० किलो. प्रत्येक फेरीस चार क्विंटलांचा हा फरक ट्रॅक्टर न बदलता मिळतो.

हलकेपणा कोठे साधावा याचा मात्र विवेक हवा. आस, दांडी, हूक आणि मुख्य चौकट यांत काटकसर करू नये. कापूस किंवा कडब्यासारख्या हलक्या मालासाठी उंच पत्र्याऐवजी जाळीचे, काढता येण्याजोगे फाळके वापरता येतात. मुरूम आणि वाळू यांसाठी हौदा मुद्दाम उथळ ठेवावा, म्हणजे मर्यादेहून अधिक माल त्यात मावणारच नाही.

समतोल, चाके आणि जोडणी

बैलगाडी भरताना जुने गाडीवान माल पुढे-मागे सरकवून समतोल पाहत. माल मागे अधिक झाला की गाडी उलाळ होई. पुढे अधिक झाला की बैलांच्या मानेवर ओझे येई. दोन चाकी ट्रॉलीलाही हाच न्याय लागू आहे. तिच्या भरलेल्या वजनापैकी शेकडा दहा ते पंधरा भार दांडीवाटे ट्रॅक्टरवर यावा. त्याने मागच्या चाकांची पकड वाढते, हा दोन चाकी ट्रॉलीचा मोठा गुण आहे. भार याहून फार कमी झाला तर ट्रॉली मागे झोलकांडते. फार अधिक झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन वळणावर दाद देत नाहीत. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे. दांडीवरील भार मोजण्याची रीत सोपी आहे. सोडवलेल्या संपूर्ण ट्रॉलीचे वजन करावे, नंतर ती ट्रॅक्टरला जोडून केवळ तिची चाके काट्यावर घ्यावीत. दोहोंतील फरक म्हणजे दांडीवरील भार.

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या ठरावीक हुकालाच जोडावी. मागच्या आसाच्या उंचीहून वर जोडल्यास जोराची ओढ लागताच ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते आणि तो चालकावर उलटू शकतो. पिनेला अडकण असावी, आणि पिन तुटल्यास ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून साखळी जोडावी.

ट्रॉलीच्या चाकांमधील अंतर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांशी जुळते असावे, म्हणजे मऊ वाटेत ती ट्रॅक्टरच्या दाबलेल्या चाकोरीतूनच येते. काळ्या मातीसाठी रुंद टायर उपयुक्त ठरतात. भार अधिक जागेवर पसरतो आणि चाक कमी रुतते. हौद्याची उंची शक्य तितकी कमी ठेवावी. पुष्कळ उंच रचलेला माल शेताच्या बांधावर एक चाक चढताच ट्रॉलीस कलंडवतो. मागील बाजूस लाल दिवे आणि परावर्तक असावेत. ऊसतोडणीच्या हंगामात रात्री रस्त्याकडेला उभी असलेली अंधारी ट्रॉली हा सर्वांनाच धोका असतो. त्याच हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडल्या जातात; थांबवण्याचा वरील हिशेब पाहता, ब्रेक नसताना ही प्रथा किती घातक आहे हे वेगळे सांगावयास नको.

चालकाने उतारास लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवण्यासाठी गिअर सोडून उतरू नये. शेतात वळण्यासाठी ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल वेगवेगळे वापरले जातात. रस्त्यावर येताना ते एकमेकांस जोडून घेणे अत्यावश्यक आहे. अन्यथा एकच चाक थांबून ट्रॅक्टर फिरतो.

बैलगाडीचे स्थान

लाल कंधारी आणि देवणी या नामांकित गोवंशांच्या प्रदेशात बैलगाडी अद्याप निरुपयोगी झालेली नाही. बैलजोडी दिवसभराच्या कामात आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी ओढ देऊ शकते. आठशे किलो वजनाच्या जोडीची ओढ म्हणून ऐंशी किलोच्या आसपास धरावी. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या कार्यक्षम वापरासंबंधी संशोधन झालेले आहे. ओझ्याच्या कमाल मर्यादा १९६५ च्या केंद्रीय नियमांत जनावराचे वजन आणि गाडीच्या चाकांचा प्रकार यांनुसार ठरवून दिल्या आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्याची गरज दिवसाकाठी काही क्विंटलांची असेल, तर त्यासाठी ट्रॉली घेण्यापूर्वी रबरी चाकांच्या हलक्या गाडीचा विचार अवश्य करावा.

ट्रॉली माणसांसाठी नाही

आतापर्यंत मालाचा विचार केला. परंतु या विषयाचे खरे गांभीर्य माणसांच्या वाहतुकीत आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिला मृत्यू पावल्या. त्या हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातून सकाळी कामास निघाल्या होत्या. ट्रॉलीत बसणाऱ्यास धरावयास आधार नसतो, आणि ती कलंडली तर बाहेर पडण्यास वेळ नसतो. मालवाहू ट्रॉलीतून माणसांची वाहतूक कायद्यास मान्य नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. तरीही निंदणी-वेचणीच्या दिवसांत, लग्नसराईत आणि यात्रेच्या वेळी ती सर्रास चालते. कारण शिवारापर्यंत जाणारे दुसरे वाहन नसते. केवळ मनाई करून हा प्रश्न सुटणारा नाही. मजुरांना नेण्याची सोय मजुरीच्या करारातच ठरवणे, दूरच्या शिवारासाठी गावातील प्रवासी वाहन सामाईक भाड्याने घेणे आणि रस्त्याकडेच्या उघड्या विहिरींना कठडे बांधणे हे उपाय गावपातळीवर शक्य आहेत.

गावाने काय करावे?

हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवून गावातील सर्व ट्रॉल्या वजनकाट्यावर नेण्याची व्यवस्था करावी. रिकामे वजन आणि त्या ट्रॅक्टरमागे सुरक्षित असलेले भरलेले वजन हे दोन आकडे प्रत्येक ट्रॉलीच्या फाळक्यावर ठळक रंगवावेत. हूक, पिन, साखळी, टायर आणि परावर्तक यांची पाहणी त्याच दिवशी उरकता येईल. ओढ्याकडे उतरणाऱ्या तीव्र वाटा आणि उघड्या विहिरी यांची यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. शिक्षकांनी या लेखातील हिशेब वरच्या वर्गांतील गणिताच्या तासाला घेतल्यास तो घरोघरी पोहोचेल. मुलगा वडिलांना विचारील की आपल्या ट्रॉलीचे वजन किती. कृषी व परिवहन विभागांच्या अधिकाऱ्यांनी ट्रॉली बांधणाऱ्या कारागिरांशीही संपर्क ठेवावा. कारण निवड पुष्कळदा त्यांच्याच दुकानात होते. ट्रॅक्टरच्या ओढीविषयी अधिकृत माहिती हवी असल्यास मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचे चाचणी अहवाल उपयोगी पडतात.

ट्रॉलीवर मालकाचे नाव, कुलदैवताचे नाव आणि गावाचे नाव हौसेने रंगवले जाते. त्यांच्या शेजारी तिच्या वजनाचे दोन आकडेही रंगवले जावेत. त्यास खर्च थोड्याशा रंगाचा आहे; आणि त्या आकड्यांचा मान राखला, तर सकाळी शिवारात गेलेले माणूस सायंकाळी घरी परत येण्याची शाश्वती पुष्कळ वाढेल.